दोन आकड्यांचं फंक्शन

फोन वाजला तेव्हा मी पदराने चष्मा पुसत होते. सकाळची, निमाच्या फोनचीच वेळ होती आणि स्क्रीनवर नावही तिचंच होतं. या फोनला 'हॅलो' म्हणणं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. ती नामपूरची, त्यामुळे थेट अहिराणीत विचारायची, "कितलं शे?" म्हणजे किती आहे. मग मी पंचवटीतल्या माझ्या गॅलरीतल्या थर्मामीटरवरचा रात्रीचा सर्वांत कमी आकडा सांगायचे आणि ती देवळाली कॅम्पातल्या तिच्या ओट्यावरचा सांगायची. त्या दिवशी तिच्या विचारण्याचीही वाट न बघता मी म्हणाले, "बारा. तुझं?" पलीकडून कोणी बोलेना. मला वाटलं, रेंज गेली. मी पुन्हा म्हणाले, "अगं, बारा. ऐकू येतंय का?" तेव्हा वसंतभाऊंचा, तिच्या यजमानांचा आवाज आला. "कुंदाताई, मी बोलतोय. निमा गेली... पहाटंच. झोपेतच गेली." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. रिक्षात बसून देवळालीला जाताना बारातून काय वजा करायचं, हा विचार मात्र डोक्यात सारखा चालू होता, आणि वजा करायला समोर दुसरा आकडाच नव्हता.

त्याला आता काही आठवडे झाले. या आठवड्यांत मला एक गोष्ट नव्याने कळली. माणसाचा नवरा गेला, भाऊ गेला, आई गेली, तर लोक दार वाजवतात, पिठलं-भाकरी आणून देतात, दहाव्याचं विचारतात. मैत्रीण गेली की तुमच्याकडे कोणी येत नाही. सुतक तिच्या घरच्यांना, भेटायला येणारे तिच्या घरी. मी लग्न केलं नाही. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली. खालच्या भाजीवालीने तेवढं विचारलं, "बाई, बरं नाय का? तोंड उतरलंय." मी म्हटलं, मैत्रीण वारली. ती म्हणाली, "अरेरे," आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली. तिची काही चूक नाही. मैत्रीण म्हणजे किती, हे तिला मी कोणत्या मापाने सांगणार होते? माझ्या घरात दिवसाचा पहिला आवाज निमाचा असायचा, फोनमधून आलेला का होईना. तो बंद झाला तर हे घर दिवसभर मुकंच राहणार, हे मला तिच्या आजारपणापासून माहीत होतं आणि त्याचीच मला भीती होती.

आम्ही दोघी नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. मी आधी लागलेली, ती माझ्यानंतर चार-पाच वर्षांनी आली. तिचे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात मापारी होते, दिवसभर काट्याजवळ उभे राहून वजनं सांगणारे. त्यामुळे की काय, निमाला मोजण्याचं वेड होतं. माझं उलट. मला मोजायचा कंटाळा. मला सिद्धता आवडायच्या. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात 'समजा' लिहून सुरुवात करायची आणि तास संपायच्या आत खालच्या कोपऱ्यात 'म्हणून' पर्यंत पोचायचं, यात मला जग जिंकल्यासारखं वाटे. ती स्टाफरूममध्ये मला चिडवायची, "कुंदे, तुना समजा-समजामां आयुष्य जाई." तिचं अर्धं बोलणं पुस्तकी मराठीत आणि चिडवणं, रागावणं, लाड करणं सगळं अहिराणीत. मला आधी अर्धंमुर्धं कळायचं. पुढे तर मी तिच्याशी भांडतानाही 'नही' म्हणायला लागले.

मग अभ्यासक्रमात संगणक आला. गणिताच्या मुलांनी फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर फंक्शनं लिहायची, आकडे भरायचे, आलेख काढायचे, अशी प्रॅक्टिकलं सुरू झाली. माझी पाचावर धारण बसली. फळ्यावर मी 'समजा एफ हे एक फलन आहे' म्हटलं की साठ मुलं मुकाट्याने समजून घ्यायची. या यंत्राला काही समजून घ्यायची तयारीच नव्हती. फंक्शन वापरलं की ते म्हणायचं, असं काही मला माहीत नाही. मी निमाला हाक मारली. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि हसून म्हणाली, "अगं, आधी वळख करून दे ना. फंक्शनचं नाव काय, ते घेणार काय, देणार काय, हे वर सांग. मग खाली त्याला कामाला लाव. पाव्हण्याला दारातूनच 'जेवायला वाढ' म्हणतेस का?" दुसऱ्या दिवशी मी ओळख करून दिली, तर ते आकड्यांचे वर्ग करताना अडायला लागलं. एका संख्येचा वर्ग करायचं, आकड्यांची रांग दिली की लाल अक्षरांत ओरडायचं. रांगेतल्या प्रत्येकाचा वेगवेगळा वर्ग हवा असेल तर चिन्हाच्या आधी एक टिंब द्यायचं असतं, हे मला चार दिवसांनी कळलं. त्यानंतर वर्षभर निमा मला 'टिंबबाई' म्हणायची, तेही मुलांसमोर. मी तिच्यावर चिडायचे आणि डबा मात्र तिच्याचबरोबर खायचे.

तिच्या प्रॅक्टिकलला मुलं आधी घाबरायची आणि मग सोडत नसत. तिचा एक नेम होता. कोणीही आलेख काढून 'मॅडम, झालं' म्हणालं की ती रेघेकडे बघायचीच नाही. बोट आधी उभ्या अक्षावर ठेवायची. "इथे आकडा काय आहे ते वाच." कारण ते सॉफ्टवेअर आपण काही न सांगितल्यास अक्ष स्वतःच ठरवतं. आकड्यांत अर्ध्या अंशाचा फरक असला तरी तेवढाच भाग ताणून पानभर दाखवतं, आणि साध्या उंचवट्याचा सह्याद्री करतं. उलट अक्ष फार लांब धरला तर खरोखरचा डोंगरही चटईसारखा पसरतो. एकदा एक मुलगी आपल्या आलेखातली दरी बघून हबकली होती. निमा तिला म्हणाली, "आधी अक्षाचे आकडे वाचायचे, मग घाबरायचं." हे वाक्य पुढे कॉलेजात इतकं रुळलं की फीवाढीची नोटीस लागली तेव्हाही मुलं तेच म्हणत होती.

थर्मामीटरचं सुरू झालं ते तिच्या संतापातून. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सगळी मुलं एकाच छापील पुस्तकातले आकडे उतरवायची. पन्नास जर्नलं, एकच आलेख. निमा एकदा ती जर्नलं टेबलावर आपटून म्हणाली, "खोट्या आकड्यांची रेघ काढून यांना काय कळणार? माझ्या बापाने असं माप केलं असतं तर शेतकऱ्यांनी त्यालाच काट्यावर बसवलं असतं." रविवारी आम्ही दोघी रविवार कारंजा चौकात गेलो आणि एका दुकानातून रात्रीचं किमान आणि दिवसाचं कमाल तापमान दाखवणारी दोन थर्मामीटरं घेऊन आलो. एक देवळालीत, एक पंचवटीत. मुलांनी रोज आमच्याकडून आकडे घ्यायचे, दोन रेघा काढायच्या, फरक काढायचा. परीक्षेपर्यंत मुलांचा उत्साह पुरला. परीक्षा झाली, मुलं गेली, नवी मुलं आली, अभ्यासक्रमही बदलला... आम्ही दोघी मात्र आकडे घेत राहिलो. आधी स्टाफरूममध्ये सांगायचो, सुट्टीत फोनवर. निवृत्त झाल्यावर फोनच राहिला.

देवळालीत उघडं माळरान, मोठी मैदानं. पंचवटीत दाटीवाटीची घरं आणि खाली गोदावरी. त्यामुळे तिचा आकडा माझ्यापेक्षा नेहमी खाली. तिला याचा केवढा अभिमान. जणू देवळालीची थंडी तिच्या सासऱ्यांनी कमावून ठेवली होती. पण दोन हिवाळे झाल्यावर ती अस्वस्थ झाली. उन्हाळ्यात आमच्यात जेवढा फरक असायचा त्याच्या दुपटीने तो हिवाळ्यात व्हायचा. मी म्हटलं, असेल नदीमुळे. ती म्हणाली, "नदी बारा महिने शे. हे थंडीतच का?" एके दिवशी पहाटे, अजून उजाडायचं होतं, वसंतभाऊंच्या स्कूटरवर बसून ती माझ्या दारात हजर. कानाला मफलर, त्यावर स्वेटर, त्यावर वसंतभाऊंचं लष्करी जर्कीन. मला काही न बोलता गॅलरीत गेली आणि ज्या भिंतीला थर्मामीटर टांगलं होतं तिच्यावर तळहात ठेवला. मग मला म्हणाली, "हात लाव." भिंत कोमट होती. शेजारचे गुरुजी पहाटे चारला उठून पलीकडच्या मोरीत बंब पेटवायचे, तो याच भिंतीला टेकून असायचा. उन्हाळ्यात गुरुजी गार पाण्याने आंघोळ करत. म्हणजे दोन हिवाळे मी नाशिकची थंडी म्हणून गुरुजींचा बंब मोजत होते. निमा मोरीच्या भिंतीशी उकिडवी बसून इतकी हसली की खालून कोणीतरी ओरडलं.

मी म्हटलं, ते दोन हिवाळे काढून टाकू. तिने नकार दिला. थर्मामीटर दुसऱ्या टोकाला, नदीच्या बाजूला टांगलं, आणि आलेखात त्या दिवसावर खालपासून वरपर्यंत एक उभी तांबडी रेघ घातली. "चुकलं ते राहू दे. इथून पुढे बरोबर, एवढं कळलं म्हणजे झालं." आजही तो आलेख उघडला की ती तांबडी रेघ दिसते आणि तिच्या डाव्या हाताला गुरुजींचे हिवाळे. गुरुजीही आता नाहीत. त्यांच्या मुलाने गॅसचा गीझर बसवलाय.

आमच्यात कामाची वाटणी होती. मोजायचं दोघींनी, पण टायपायचं मी. ती म्हणायची, एका घरात दोन हिशेब नकोत. निवृत्तीनंतर मी लॅपटॉप घेतला तेव्हा ती दिवसभर माझ्याकडे येऊन बसली आणि तिने मला एक फंक्शन लिहून दिलं. त्याचं नाव 'फरक'. त्याला दोन आकडे द्यायचे, आधी देवळालीचा, मग पंचवटीचा. ते आपल्या आपण दोन्ही रेघांना एकेक ठिपका जोडायचं आणि खाली फरक लिहायचं. मला त्यात काही करावं लागू नये, अशी सगळी व्यवस्था तिने केली होती. ती नामपूरला माहेरी गेली किंवा मी बहिणीकडे गेले तर तिथे 'मोजलं नाही' अशा अर्थाची एक खूण टाकायची. मग रेघ तेवढ्यापुरती तुटायची आणि पुढे परत सुरू व्हायची. फोनवरचे आकडे तर पाच सेकंदांत संपायचे. त्यानंतर आमचा अर्धा तास जायचा. माझे गुडघे, तिची सून, कॅम्पातल्या बाजारात मटार किती झाले, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली. जग आकड्यांच्या मागून आमच्याकडे यायचं.

तिच्या मूत्रपिंडांचा आजार कळला तो उशिरा. डॉक्टर दर महिन्याला रक्त तपासायचे. एका दुपारी तिने मला बोलावून घेतलं. मी देवळालीच्या बसने गेले. ओट्यावर वसंतभाऊ बसले होते. छावणीतल्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, निफाडकडचे, मनाने फार मऊ. बायकोचा रिपोर्ट आला की त्यांचं जेवण तुटायचं. निमा आत टेबलाशी बसली होती, समोर तिचा लॅपटॉप. रक्तातल्या क्रिएटिनिनचे सगळे महिन्यांचे आकडे भरून तिने आलेख काढला होता. मला खूण करून तिने भाऊंना आत बोलावलं. "या, बघा. तुम्ही उगाच घाबरता." भाऊ वाकले. रेघ जवळजवळ आडवी होती, जमिनीला धरून जाणारी. "बघा, सपाट शे का नही?" भाऊ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला यातलं काय कळत नाय. पण रेघ आडवी हाय, म्हंजे बरं हाय." त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. मी सवयीने उभ्या अक्षाकडे पाहिलं. तिने तो शून्यापासून शंभरापर्यंत घेतला होता. जिथे एकाचे चार होणं म्हणजे मरणाकडे जाणं, तिथे तिने शंभरापर्यंत मोकळं आभाळ सोडलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुंदा, चहा ठेव ना जरा. आलं फडक्याखाली शे."

आयुष्यभर शेकडो मुलांना जिने अक्षाचे आकडे वाचायला शिकवलं तिने नवऱ्यासाठी ते असे मांडले. मला बस स्टॉपपर्यंत सोडायला ती आली, हळूहळू, माझा दंड धरून. मी म्हटलं, "निमा, हे काय केलंस?" ती म्हणाली, "त्यांना रात्री झोप लागायला पाहिजे." मी विचारलं, "आणि तुला?" रस्त्यावरून लष्कराचा एक ट्रक गेला, त्याची धूळ बसेपर्यंत आम्ही थांबलो. मग ती म्हणाली, "माले आकडे माहीत शेतस. आणि तुले माहीत शेतस. बस झालं." म्हणजे ते ओझं तिने दोघींत वाटून टाकलं. भाऊंना मी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, शेवटी त्यांनाही कळलं असावं, कारण पुढे ते तिला आलेख दाखव असं म्हणेनासे झाले.

शेवटची भेट ती जायच्या आदल्या आठवड्यात झाली. पाय सुजलेले, त्यामुळे ओट्यावरच्या खुर्चीतून तिला उठवत नव्हतं. थर्मामीटर वाचायचं काम भाऊंकडे आलं होतं आणि भाऊ रोज चुकायचे. त्या थर्मामीटरला दोन नळ्या, एक कमालची, एक किमानची, आणि किमानच्या नळीवर आकडे उलटे लिहिलेले. भाऊ हमखास दुसऱ्याच नळीवरचं वाचायचे. माझ्यासमोरच त्यांनी "अठ्ठावीस" अशी घोषणा केली. निमा शाल लपेटून कुडकुडत होती. म्हणाली, "अठ्ठावीस म्हणजे मी शाल घेऊन पंख्याखाली बसू का?" तिघंही हसलो. मग ती मला म्हणाली, "माझं लोहचुंबक हरवलं बघ. पुढच्या वेळी एक घेऊन ये." आकडा वाचून झाला की नळीतली छोटी लोखंडी खूण चुंबकाने ओढून खाली आणावी लागते, नाहीतर ती आदल्याच दिवसाच्या आकड्यावर अडकून राहते. मी येताना मेन रोडवरून चुंबक घेतलं. ते अजून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. किल्ल्या त्याला चिकटतात आणि मला रोज दोन मिनिटं शोधत बसावं लागतं.

दिवस झाल्यावर मुलगा येऊन वसंतभाऊंना पुण्याला घेऊन गेला. बरोबरच होतं, एकटे कसे राहणार होते? जायच्या आधी मी भेटायला गेले तर भाऊ थर्मामीटरसमोर उभे होते. म्हणाले, "ताई, हे तुम्ही नेता का?" मी म्हटलं, "राहू द्या भाऊ, जिथे आहे तिथे." दुसऱ्या गॅलरीत टांगलेलं देवळालीचं थर्मामीटर मला पाहवलं नसतं. त्यांनी दाराला कुलूप लावलं. थंडी तिकडे आता रोज पडत असेल, आणि मोजायला कोणी नसेल.

इतके दिवस मी लॅपटॉप उघडला नव्हता. माझा आकडा मात्र बघत होते. सकाळी गॅलरीत गेलं की डोळे तिकडे जातातच. संक्रांत झाल्यावर एका सकाळी फार थंडी होती. नळाचं पाणी हाताला चावत होतं. वर्षभरातला सर्वांत खालचा आकडा होता तो, आणि निमा असती तर माझ्यापेक्षाही खालचा आकडा सांगून तिने मला हरवलं असतं. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. भाजीवालीला सांगण्यासारखं नव्हतं. मग मी लॅपटॉप काढला, फाईल उघडली. दोन रेघा तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी एकदमच थांबलेल्या होत्या. तिच्या जागी 'मोजलं नाही'ची खूण टाकायची, एवढंच करायचं होतं. ती खूण मी आजवर कितीतरी वेळा टाकली असेल, ती माहेरी गेली म्हणून, मी बहिणीकडे गेले म्हणून. पण त्या खुणेनंतर रेघ परत सुरू व्हायची असते. त्या सकाळी माझ्याने ती टाकवेना. बराच वेळ बसले. शेवटी मी 'फरक'ला फक्त माझा एक आकडा दिला आणि बटण दाबलं. काय होईल हे मला माहीत होतं. फंक्शन दोन आकडे मागतं, एकच मिळाला तर सॉफ्टवेअर लाल अक्षरांत इंग्रजीत कुरकुरतं, एवढं मी पंधरा वर्षांपूर्वीच शिकले होते.

लाल अक्षरं आली. पण ती इंग्रजी नव्हती. रोमन लिपीत होती, मला एकेक अक्षर जोडून वाचावी लागली.

"एकलीच काय देखस व? फोन कर."

एकटीच काय बघतेस गं? फोन कर... मी पुन्हा वाचलं. मग तिने लिहिलेलं फंक्शन उघडून बघितलं. वरच, पहिल्या चार ओळींत तिने ते लिहून ठेवलं होतं. दोनपेक्षा कमी आकडे आले तर काम थांबव आणि हे वाक्य दाखव. सॉफ्टवेअरची ठरावीक कुरकुर न दाखवता आपली स्वतःची दाखवायची, अशी सोय त्यात असते. एखाद्या दिवशी मी तिला फोन न करता घाईघाईने नुसता माझाच आकडा भरून टाकेन, अशी तिला शंका असणार. मला पकडण्यासाठी तिने ते तिथे ठेवलं होतं. आता आठवतं, त्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून टायपता टायपता ती एकटीच हसत होती, आणि मी विचारलं तर "काही नही" म्हणाली होती. मी फोन चुकवला असता तर ते मला केव्हाच दिसलं असतं. मी कधी चुकवलाच नाही.

चूक दाखवणारी लाल ओळ आली की आधी ती दुरुस्त करायची आणि मगच पुढे जायचं, असं आम्ही दोघींनीही मुलांना शिकवलं. इथे दुरुस्तीला काही लागत नाही. वरच्या त्या चार ओळी काढायच्या, एक आकडा पुरेल असं सांगायचं, की 'फरक' मुकाट्याने एकच ठिपका टाकत पुढे जाईल आणि कोणी काही विचारणार नाही. मला ते येतं. टिंबबाईला आता एवढं येतं. त्या सकाळी मी ते करूनही पाहिलं. ठिपका बिनतक्रार पडला, स्क्रीनवर सगळं शांत झालं, आणि मी निमासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडले. मग डोळे पुसून तिच्या चारही ओळी होत्या तशा परत टायपल्या, एकेक अक्षर तपासून.

हल्ली रोज सकाळी मी एकच आकडा देते. ती रागावते. मी ते वाक्य शेवटपर्यंत वाचते, लॅपटॉप मिटते आणि चहा ठेवायला जाते.